जेवून तोडलेला झेंडू

माझ्या कौसाआत्याच्या मळ्यात फूल तोडायचं तर पोट रिकामं लागायचं. कोरा चहा चालायचा. चहाबरोबर बिस्किट मात्र चालायचं नाही, आणि "एकच होतं, आत्या" या सबबीला तिच्याकडे काही किंमत नव्हती.

मळा मखमलाबादच्या पुढे होता. झेंडू, शेवंती, आणि विहिरीच्या अंगाला थोडा गुलाब. माल रोज सकाळी नाशिकच्या फुलबाजारात जायचा. उष्ट्या तोंडानं देवाचं फूल तोडू नये हे पुष्कळ घरांत पाळतात, पण ते अंगणातल्या जास्वंदीपुरतं. विकायच्या झेंडूला, तेही कॅरेट भरभरून जाणाऱ्या झेंडूला, हा नेम लावणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आमच्या भावकीतली बाकी माळी मंडळी भाकरी हाणून, वर तंबाखूची चिमूट लावून वाफ्यात उतरायची आणि त्यांचाही माल त्याच बाजारात त्याच भावानं जायचा.

हे मी आत्याला एकदा सांगून पाहिलं.

"दत्तू," ती म्हणाली, "फुलाला पत्ता असतो का?"

"म्हणजे?"

"म्हंजी झाडावरून उतरल्यावर ते कुठं जाणार ते त्याला ठावं असतं का? तुला असतं का? मग आधीच तोंड सांभाळलेलं बरं."

हा नेम तिला कुणी लावला याचा मी पुष्कळ शोध घेतला. पतपेढीत कारकून असल्यामुळे मला रिकामा वेळ भरपूर होता. आत्या एकदा म्हणाली, सासूनं लावला. मी ते आत्याच्या यजमानांना, म्हणजे आमच्या रंगनाथमामांना विचारलं. मामा फार बोलायचे नाहीत. बराच वेळ विहिरीकडे बघून ते म्हणाले, "आईला तर उठल्याउठल्या खायला लागायचं." पुढे कधी आत्या म्हणायची की माहेरचा नेम आहे. पण माहेर म्हणजे आमचंच घर, आणि आमच्या घरात उपाशी राहून केलेलं एकही काम मला आठवत नाही. शेवटी मी शोध सोडला. काही माणसांच्या नेमाला मूळ नसतं, नुसता शेंडा असतो.

या नेमापायी तोडणीला ती बाहेरची बाई लावायची नाही. निंदायला, पाणी भरायला मजूर असत. तोडणी मात्र घरच्यांनीच करायची. "उपाशी पोटी काम कर असं दुसऱ्याच्या लेकीला कुठल्या तोंडानं सांगू?" म्हणायची. मुली लग्न होऊन गेल्यावर तोडणीला तिघंच उरली: ती, मामा आणि धाकटा भरत. चौथा मी, अधूनमधून सुट्टीच्या दिवशी, इंदिरानगरातून स्कूटर दामटत. माझ्या मदतीबद्दल घरात दोन मतं होती. एक आत्याचं आणि एक माझं.

एका रविवारी येता येता मी वाटेत मिसळ खाल्ली. नाशकात राहून रविवारी सकाळी मिसळ खायची नाही हा उपासापेक्षा अवघड नेम आहे. मळ्यावर पोचलो, पाटी उचलली.

"काय खाऊन आलास?"

"काही नाही."

"मग मिशीला तर्री कशाची?"

तिनं मला विहिरीवर चूळ भरायला लावली, तरी वाफ्यात काही येऊ दिलं नाही. ऊन चढेपर्यंत बांधावर बसवलं. मी आपला बसून होतो, आणि ती वाकून तोडता तोडता मला विचारत होती, मिसळीत मटकी होती का वाटाणा, पाव किती दिले, कांदा पुन्हा मागितला तर देतात का. रागावलेली नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. उपाशी माणसानं इतक्या बारकाईनं मिसळीची चौकशी केलेली मी पुन्हा ऐकली नाही.

चौकशी हा तिचा स्वभावच. बाजारात गिऱ्हाईक आलं की भाव सांगायच्या आधी ती पायांकडे बघायची आणि विचारायची, "चालत आलात?" भोंगा कशानं वाजतो, पोस्टातला शिक्का उलटा का कोरतात, विमानात खिडकी उघडत का नाही, सगळं तिला हवं असायचं. एकदा कुणा मंत्र्याच्या सत्काराचा मोठा हार तिच्या झेंडूचा झाला. मी चिडवलं, "घे, तुझा उपास पुढाऱ्याच्या गळ्यात पडला."

ती म्हणाली, "गळ्यातून काढल्यावर तो हार कुठं गेला ते बघायला गेला होतास का?"

"नाही."

"त्याच्या बायकूनं देव्हाऱ्यावर टाकला असंल तर?"



भरत बी. एस्सी. झाला आणि त्यानं सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा दिली, हे नव्वदीच्या शेवटाशेवटाचं. लेखी पास झाला. मुलाखतीला भोपाळला गेला. पाच दिवस तिथं दोरावर चढवतात, फळ्यांवरून उड्या मारायला लावतात, मग साहेब लोक गोडीगुलाबीनं प्रश्न विचारतात. त्यातही निवडला गेला. आमच्या घराण्यात भरतीला गेलेले दोघंतिघं होते, पण अधिकारी म्हणून अकादमीत कुणी शिरलेलं नव्हतं. मखमलाबादेत पेढे वाटायचे की थांबायचं यावर चर्चा चालू असतानाच भरत वैद्यकीय तपासणी उरकून परत आला. ओट्यावर पिशवी ठेवली आणि म्हणाला, "वजन कमी भरलं."

डोळे, कान, छाती, पाय, सगळं चोख. फक्त वजन उंचीला शोभेल इतकं नव्हतं. चार-पाच किलोंचा मामला. दीड महिन्यानं पुण्यात लष्कराच्या दवाखान्यात फेरतपासणी. त्यात भरलं तर जानेवारीत अकादमी. नाही भरलं तर संपलं. वय सरत आलं होतं आणि ही त्याची शेवटचीच संधी होती.

आत्यानं आधी चौकशी केली. "सरकारला वजन कशाला पायजे? बंदूक वजनानं उडती का?"

"पाठीवर बोजा घेऊन डोंगर चढायचा असतो आई. अंगात नसलं तर माणूस कोसळतो."

"हां," ती म्हणाली. हे तिला पटलं. बैलाच्या बाबतीत तिचंही तेच मत होतं.

मग मला बोलावणं आलं. वजन वाढवणं या विषयात घराण्यात माझ्याएवढा अधिकारी माणूस दुसरा नव्हता. लग्नानंतर मी जे काही मिळवलं ते सगळं पोटाभोवती होतं. मी छाती काढून योजना मांडली: उठल्याबरोबर दूध-केळी, मग शेंगदाण्याचे लाडू, मग भाकरी-लोणी, आणि कालव्याच्या कडेनं पळणं बंद.

"पळणं बंद कसं?" भरत म्हणाला. "तिकडं गेल्यावर पहिल्या दिवसापासून पळवतात. नाही पळालो तर तिकडून परत, पळालो तर इथूनच परत."

"थोडं पळ," मी तडजोड केली. मी स्वतः आयुष्यात तेवढंच पळालो होतो.

त्याला सोबत म्हणून मीही लाडू खात होतो. दोन आठवड्यांनी आम्ही नाशिकरोड स्टेशनवर गेलो, तिथल्या रंगीत दिव्यांच्या काट्यावर उभे राहिलो. भरतचं वजन होतं तिथंच होतं. माझं तीन किलो वाढलं होतं. माझ्या तिकिटामागे छापलं होतं, "आपल्या परिश्रमांना लवकरच यश येईल."

कारण उघड होतं. मी ते पहिल्या दिवसापासून बघत होतो, तोंडात लाडू असल्यामुळे बोललो नव्हतो. दिवस नवरात्राचे. झेंडू ऐन भरात. उजाडायला तिघं वाफ्यात शिरायची ती सूर्य डोक्यावर आला तरी बाहेर पडायची नाहीत. पहाटे पळून आलेला पोरगा उपाशी पोटी पाचसहा तास वाकून तोडणार, मग पोटाची भूक मरणार, मग ताटावर बसून अर्धी भाकरी चिवडणार. सकाळचं दूध-केळी कागदावरच राहिलं होतं.

"तू तोडू नकोस ना," मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं. "दीड महिना फक्त खा."

"आईबाबा उपाशी वाकलेत आणि मी ओट्यावर बसून लाडू खाऊ? गिळवेल का तुला?"

मला गिळवलं असतं, पण ते सांगायची ती जागा नव्हती.

मग मी धीर करून आत्याला म्हटलं, "नेम दीड महिना बाजूला ठेव. देव समजून घेईल."

"देव समजून घेईल. देवाला काय लागतं समजून घ्यायला?" ती म्हणाली. "पन मी त्याला फसवून घातलं असं होईल ना ते. कुणाच्या देव्हाऱ्यात जायचं फूल, त्या बाईनं अंघोळ करून, सोवळ्यानं वाहायचं, अन् मी हिकडं ढेकर देऊन तोडायचं? तिला इचारलं का मी?"

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. चौकश्यासुद्धा बंद. मामा घाबरले. मला म्हणाले, "मिसळीचं काही सांग बरं तिला." आमच्या घरात चिंतेचं एवढं लांब वाक्य मामा पहिल्यांदाच बोलले होते.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी लवकर पोचलो. चुलीपुढे आत्या बसलेली. भाकरी दुधात कुस्करून तिनं तीन वाडगे भरले, वर गुळाचे खडे. एक मामांपुढे, एक भरतपुढे. तिसरा स्वतःच्या मांडीशी. भरत बघत राहिला. तिनं पहिला घास उचलला, स्वतःच्या तोंडात घातला. नुसताच चघळला बराच वेळ, नवीन सुनेला सासरचं पाणी लागावं तसा चेहरा करून. मग गिळला.

"आता काय बघतोस? खा. आईनं खाल्लं ना."

भरतनं खाल्लं. मामांनी वाडगा तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. या माणसाला इतकी वर्षं भूक लागत होती हे मला तेव्हा कळलं.

वाफ्याकडे जाताना आत्या म्हणाली, "औंदाची फुलं मानसांची. देवाला नाय द्यायची."

म्हणजे काय, हे मला दसऱ्याच्या आदल्या दिवशी फुलबाजारात समजलं. एरवी थोडी फुलं पुढ्यात ठेवून बाकीचा माल घाऊकवाल्याला देणारी बाई त्या दिवशी सगळी कॅरेट स्वतःच मांडून बसली. तराजू मी धरला होता. दसऱ्याचा बाजार, रस्त्याच्या दोन्ही कडांना झेंडूचे ढीग, आपट्याचे भारे, माणसाला माणूस लागलेलं. पहिलंच गिऱ्हाईक, चांगल्या घरच्या बाई.

"मावशी, दोन किलो द्या."

"कुठं घालणार?"

"अहो, दसऱ्याला कुठं घालतात? दाराला तोरण आणि देवाला हार."

"दाराचं देते. देवाचं त्या पलीकडं मालनबाई बसल्यात, त्यांच्याकडनं घ्या."

"असं कसं? एकाच ठिकाणी घेते ना मी."

"मग दोन्ही तिकडंच घ्या." बाई गेल्या. आत्या माझ्याकडे वळली. "दत्तू, उंबरा देव हाय का रे?"

"अर्धा," मी म्हणालो.

"अर्धा कसा?"

"पूजा करतो, पण पाय पण पडतोच की त्याच्यावर."

ती विचारात पडली. तेवढ्यात एक रिक्षावाला आला. "मावशी, रिक्षाला हार करायचाय."

"आत गणपती हाय का?"

"हाय ना, काचेपाशी. लायटिंगवाला."

"त्याला सोडून बाकी सगळ्या रिक्षाला घाल."

"गणपतीला काय सांगू मग?"

"सांग, कौसाबाई जेवल्यात."

रिक्षावाला हसत हसत अर्धा किलो घेऊन गेला. अंबडच्या कारखान्यातला एकजण आला, त्याला लेथ मशीनला हार हवा होता. आत्यानं आशेनं विचारलं, मशीन म्हणजे लोखंडच ना? तो म्हणाला, "मावशी, आमचं पोट त्याच्यावर. आमचा देवच तो." झालं, त्यालाही मालनबाईकडे. मग एका नगरसेवकाच्या वाढदिवसाचा हार करायला एक पोरगा आला, तेव्हा मात्र आत्याचा चेहरा उजळला. "घे रे बाबा, किती पायजे तितका घे!" पुढाऱ्याच्या माणसाचं इतकं मनापासून स्वागत त्या बाजारात कुणी केलं नसेल. त्याच्या बायकोच्या देव्हाऱ्याची आठवण मी करून दिली नाही. मला स्कूटरवरून परत न्यायचं होतं तिला.

सगळ्यात अवघड झालं ते हारवाल्या शंकररावांचं. एका देवळाचा रोजचा हार ते वर्षानुवर्षं आत्याच्याच झेंडूचा करायचे.

"आक्का, चार कॅरेट बाजूला काढा."

"औंदा नाय, शंकरराव."

"का? नासला का माल?"

पलीकडून मालनबाईनं संधी साधली. या मालनबाई म्हणजे आत्याच्या चुलत जाऊ. शेजारी बसून वीस वर्षं एकमेकींचा तराजू बघण्यात गेलेली. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "कौसाबाईंचा माल कधी नासतो व्हय? नेमाचा माल तो!"

आत्या उठून उभी राहिली. आसपासच्या चारसहा ढिगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नासला नाय. आम्ही जेवून तोडलाय."

मला तराजूखाली शिरावंसं वाटलं. शंकरराव पुढे वाकून हळूच म्हणाले, "अहो आक्का, कुणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळलं ना आता?"

शंकरराव खजील होऊन हसले आणि मालनबाईंकडे गेले. दुपारपर्यंत मालनबाईंचे ढीग संपले, आमचा निम्मा माल तसाच. मालनबाई पदरानं तोंड पुसत आल्या, हातात दोन चहा. एक आत्यापुढे धरला.

"कशापायी गं हे?"

"भरतच्या वजनापायी."

मालनबाईंना सगळं सांगावं लागलं. त्या ऐकत गेल्या, मधेच स्वतःचा चहाही आत्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "बाई, मी तर जन्मभर खाऊनच तोडते. मला काय झालं?"

"तुला काय व्हायचं? तू नेम घेतलाच नाय. मी घेतला व्हता."

"अन् किती वाढलं पोराचं?"

"बघायचंय अजून."

"शेवयाची खीर घाल त्याला. वर तूप सोडून. मी देते तूप." आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोन्याऐवजी मालनबाई तुपाची बरणी घेऊन मळ्यावर आल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा.

उरलेला झेंडू आत्यानं कुणाला फुकट दिला नाही की कालव्यातही सोडला नाही. वाफ्याच्या कडेला पसरून वाळवला, बी धरलं.

पुण्याला मी सोबत गेलो. निघताना मी भरतला हळूच सांगितलं, काट्यावर उभं राहायच्या आधी डझनभर केळी खा आणि तांब्याभर पाणी पी. आत्यानं ऐकलं. मला वाटलं आता खोट्या वजनावरून ऐकावं लागणार.

"केळं खरं असतं ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मग त्याचं वजन खोटं कसं? दोन डझन घेऊन जा."

वजन भरलं. थोडंसंच जास्त, पण भरलं. बाहेर येऊन भरतनं पहिल्यांदा काय केलं असेल तर तो झाडामागे जाऊन ओकला. नंतर हसत आला. मी फोन केला तो मालनबाईंच्या घरी, कारण आत्याकडे फोन नव्हता. पलीकडून आत्याचा आवाज आला, "ओकला का?"

"तुला कसं कळलं?"

"चोवीस केळी व्हती ती."

पुढचे दोन महिने तयारीत गेले. काळी ट्रंक आली, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव लिहिलं. बूट पॉलिश करायला भरत शिकला आणि त्यानं घरातल्या सगळ्यांची पायताणं चकचकीत केली, मामांची मळ्यातली वहाणसुद्धा. आत्या रोज सकाळी त्याच्याबरोबर वाडगा घेऊन बसायची आणि प्रश्न विचारायची. तिकडं उठवतात कोण? हाक मारतात की हलवतात? अंघोळीला पाणी गरम का थंड? जेवताना बोललं तर चालतं का? पोटात दुखलं तर कुणाला सांगायचं? भरतला यातलं निम्मं माहीत नव्हतं. तो अंदाजानं सांगायचा. ती अंदाज ओळखायची आणि तरी पुढचं विचारायची.

डिसेंबर संपता संपता तो गेला. गाडी सुटताना ती रडली नाही. गार्डाला हिरवा झेंडा कोण देतं, ते तिनं मामांना विचारलं.

जानेवारीतल्या एका रविवारी मी मळ्यावर गेलो. भरतचा पोचल्याचा निरोप मालनबाईंकडे येऊन आठवडा झाला होता. थंडी कडक. झेंडूवर दव. आत्या आणि मामा वाफ्यात होते. मला बघून ती म्हणाली, "खाऊन आलास का?" मी खरं काय ते सांगितलं: नाही, कारण आज बायको माहेरी आहे. मग तिनं पाटीकडे बोट दाखवलं. म्हणजे नेम परत सुरू झाला होता. मी पाटी उचलली. वाकलो, तोडायला लागलो.

सूर्य वर आला. धुकं कालव्याकडे सरकलं. एकाएकी आत्या ताठ उभी राहिली. पोटावर हात ठेवला. कुणी अनोळखी माणूस दारात उभा असावा तशी काही वेळ तशीच राहिली.

"दत्तू," ती म्हणाली, "भूक लागली रे."

मामांनी मान वर केली. हे वाक्य त्यांनी संसारात कधी ऐकलेलं नव्हतं.

"लागणारच की, आत्या. तीन महिने खात होतीस."

"म्हंजी ही अशी रोज लागती मानसाला?"

"रोज," मी अधिकारानं म्हणालो.

"अन् याच वेळेला?"

"साधारण याच."

तिनं उन्हाकडे पाहिलं. मग वाफ्याच्या पार शेवटाकडे, जिथं काही नव्हतं, नुसता बांध आणि बांधापलीकडचा रस्ता.

"त्याला पन आत्ताच लागली असंल."

"तिकडं वेळेवर देतात, आत्या. शिट्टी वाजवून देतात."

"झालं असंल का रे त्याचं खाऊन?"

किती वाजले होते, मला माहीत नव्हतं. घड्याळ मी घातलेलं नव्हतं. "झालं असेल," मी म्हणालो.

"मग चला," ती म्हणाली.

पाटी निम्मीच भरली होती. ती तिनं सरीत तशीच ठेवली आणि पदर कमरेला खोवत, आमची वाट न बघता, घराकडे निघाली. पाठमोरी, भरभर, दव उडवत. मामा पाटीकडे बघत उभे राहिले, आणि मग तेही तिच्यामागे चालायला लागले.